राखीव जंगलाच्या कुंपणाबाहेरची फुलपाखरं : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळी आलेले बरेचसे प्रश्न एकाच गोष्टीभोवती फिरणारे आहेत. जंगल राखीव झालं, अभयारण्य जाहीर झालं, म्हणजे फुलपाखरांचं काम झालं का? की आजूबाजूची बाग, बांध, गवत, शाळेचं आवार यांनाही काही करावं लागतं? त्यांतले काही प्रश्न निवडून उत्तरं देत आहोत.

प्रश्न : आमची अडीच एकर काजूबाग तिलारीच्या राखीव जंगलाला लागून आहे. जंगलाला आता संरक्षण आहे. मग फुलपाखरांसाठी बागेत वेगळं काही करायची गरज आहे का? असेल तर उत्पन्न न घटवता काय करता येईल? (काजू बागायतदार, दोडामार्ग तालुका)

गरज आहे, आणि तुमच्यासारख्या हद्दीवरच्या बागांना तर सगळ्यात जास्त. तिलारीला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा 2020 मध्ये मिळाला. क्षेत्र सुमारे साडेएकोणतीस चौरस किलोमीटर. वाघाच्या भ्रमणमार्गाचा विचार करून काढलेल्या हद्दी कागदावर ठीक असतात, पण फुलपाखराचं आयुष्य त्या रेषेने कापलं जातं. अळीचं झाड आत, मादीला मध देणारं फूल बाहेर, नराला क्षार चोखायला लागणारी ओली माती तिसरीकडे वहाळात, म्हणजे ओढ्यात. यातलं एक जरी तुटलं तरी ती जात त्या भागातून हळूहळू जाते, आणि जाते आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

नुसत्या संरक्षणाने काय होतं याचा पुरावा जर्मनीतून आला. तिथल्या 63 संरक्षित जागांवर 1989 ते 2016 अशी 27 वर्षं सापळे लावून उडणारे कीटक तोलले गेले. त्यांचं एकूण वजन 76 टक्क्यांनी घटलेलं निघालं. जागा संरक्षितच होत्या, पण बहुतेक सगळ्या शेतीने वेढलेल्या छोट्या तुकड्यांसारख्या. नेमकं कारण एकच असं सिद्ध झालेलं नाही, तरी भोवतालच्या शेतीकडे बोट दाखवायला पुरेसा आधार आहे.

आता तुमच्या बागेचं. पहिलं काम फवारणीचं. ढेकण्या म्हणजे काजूची कोवळी पालवी शोषणारा कीटक; त्याच्यासाठी पालवी, मोहोर आणि फळधारणा अशा तीन वेळा फवारायची पद्धत आहे. वेळापत्रक आलं म्हणून पंप खांद्याला लावू नका. आधी बागेच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतल्या वीस-पंचवीस झाडांची कोवळी पालवी बघा. काळे चट्टे पडून शेंडे सुकायला लागले असतील तरच फवारा, आणि जमलं तर तेवढ्याच भागात. जंगलाच्या बाजूच्या शेवटच्या दोन ओळींवर औषध मारू नका. वारा जंगलाकडे वाहत असेल तर त्या दिवशी काम थांबवा. झाडाखालच्या रानावर तुषार पडू देऊ नका, कारण अळ्या तिथेच असतात. पंप वहाळात धुवू नका, हे वेगळं सांगायला नको, पण तेच सर्रास घडतं.

त्या शेवटच्या दोन ओळींचा तुम्हालाही फायदा आहे. पानं शिवून घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्या ढेकण्याला पळवून लावतात. त्यांची घरटी फवारणीत मरतात, मग पुढच्या वर्षी आणखी फवारावं लागतं. ऐन आणि किंजळ यांच्यावर वाढणाऱ्या ओक ब्ल्यू गटातल्या काही फुलपाखरांच्या अळ्या याच मुंग्यांच्या पहाऱ्यात राहतात. अळी मुंगीला अंगातून गोड द्राव देते, मुंगी तिला गांधीलमाशीपासून राखते. मुंगी गेली की ही फुलपाखरंही गेली. काजू वेचताना या मुंग्या चावतात ही तक्रार खरी आहे. म्हणून सगळ्या बागेत नाही तरी हद्दीवरच्या झाडांवर त्यांना राहू द्या.

दुसरं काम बेणणीचं, म्हणजे रान साफ करण्याचं. काजू गोळा करायला जमीन मोकळी लागते, पण ती झाडाच्या घेराखाली. दोन ओळींमधलं, गडग्यालगतचं (दगडी कुंपणालगतचं) आणि वहाळाकाठचं रान पायथ्यापासून कापायचं कारण नाही. ग्रासकटर फिरवायचाच तर पाते वीतभर उंच धरा आणि एक ओळ कापली की पुढची तशीच ठेवा. तणनाशक मात्र बंद करा. कापलेलं रान पावसात पुन्हा फुटतं, तणनाशकाने मेलेल्या वेलींच्या जागी दुसरंच काहीतरी उगवतं.

गडग्यालगत पाच मीटर आणि वहाळाच्या दोन्ही बाजूंना निदान दहा मीटर पट्टा ठेवता आला तर त्यात काय आहे ते आधी ओळखा. माकडलिंबू आणि किरमिरा ही झुडपं सापडतीलच. महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ब्ल्यू मॉरमॉन, म्हणजे राणी पाकोळी, हिच्या अळ्या याच कुळातल्या झाडांवर वाढतात. शेतकरी मात्र ती काटेरी म्हणून आधी तोडतो. रानटी दालचिनीवर कॉमन ब्ल्यूबॉटल, भूतकेस आणि कळंबावर कमांडर, फांदीवरच्या बांडगुळावर कॉमन जेझेबेल. बांडगूळ काजूवर असेल तर काढा, हद्दीवरच्या रानझाडांवर असेल तर राहू द्या. कॉमन बॅरनची अळी तर काजूचीच पानं खाते. पानाच्या मधल्या शिरेवर पिसासारखे काटे पसरून बसलेली हिरवी अळी दिसली की ती हीच. तिने झाडाचं नुकसान होत नाही, तिच्यासाठी औषध मारू नका.

प्रश्न : घाणेरीवर नेहमी फुलपाखरं दिसतात. मग वनखातं आणि संस्था ती काढा म्हणून का सांगतात? काढायची तर नेमकी कशी? आम्ही दोनदा तोडली, दोनदा जास्त जोमाने आली. (सिंधुदुर्ग)

घाणेरीच्या फुलांत मध आहे, म्हणून मोठी फुलपाखरं तिथे येतात. पण आपल्या फुलपाखरांच्या अळ्यांना तिच्या पानांचा उपयोग नाही, आणि ती माजली की खालचं गवत, वेली, रोपं, म्हणजे अळ्यांचं सगळं अन्न दाबून टाकते. आज भरपूर दिसणारी फुलपाखरं बाजूच्या शिल्लक झाडांवर वाढलेली असतात. ती झाडंही घाणेरीखाली गेली की फुलं राहतील आणि त्यांवर बसायला कुणी नसेल.

तोडून ती का येते? खोड जमिनीच्या वर कापलं की बुंध्याजवळच्या भागातून नवे फुटवे येतात. म्हणून हा फुटव्यांचा भागच काढावा लागतो. झुडपाभोवतीची माती थोडी मोकळी करा, जमिनीखाली तीन ते पाच सेंटिमीटरवर मुख्य मूळ कुदळीने तोडा आणि झुडूप उपटून तिथेच उलटं, मुळं आभाळाकडे करून ठेवा. मातीला टेकलेल्या फांद्यांना मुळं फुटतात, म्हणून फांद्या पसरून टाकू नका. हे काम पावसाळ्यात, माती मऊ असताना आणि फळं काळी होण्याआधी करा. एकदा फळं पक्ष्यांनी खाल्ली की बी जंगलभर पसरतं.

सगळी घाणेरी एका हंगामात काढणं ही दुसरी मोठी चूक. उघड्या जमिनीवर रानमोडी हे दुसरं माजणारं झुडूप येतं आणि मधाचा आधारही एकदम जातो. तीन भाग पाडा, दर वर्षी एक भाग साफ करा. साफ केलेल्या जागेत त्याच पावसात दिंडा, भारंगी, लोखंडी, पेटकुळी लावा. दिंड्याच्या तुऱ्यांवर पावसाळ्यात फुलपाखरांची झुंबड असते. पुढची दोन-तीन वर्षं पावसाळ्यात फिरून वीतभर रोपं हाताने उपटावी लागतात. हे करायची तयारी नसेल तर पहिल्या वर्षाची मेहनत वाया जाते, म्हणून सुरुवात झेपेल एवढ्याच तुकड्यापासून करा.

प्रश्न : शाळेच्या 5 गुंठ्यांत फुलपाखरू उद्यान करायचं आहे. नर्सरीवाल्याने पेंटास, लँटाना, इक्झोरा आणि कॉसमॉस अशी यादी दिली आहे. ठीक आहे का? (शिक्षिका, सातारा जिल्हा)

ही यादी फुलांची आहे. फुलांवर फुलपाखरं चार घटका येतात, अंडी घालायची झाडं नसतील तर निघून जातात. शोभेची लँटाना ही घाणेरीच आहे, ती आधी यादीतून काढा. अर्ध्याहून जास्त जागा अळ्यांच्या झाडांना द्या.

5 गुंठ्यांसाठी एक चालणारा हिशोब असा. कढीपत्ता 5, लिंबू किंवा ईडलिंबू 3, रुई 4, कोरांटी 10, पानफुटी 20, बहावा 1, सीताफळ 1, आणि एका मांडवावर सापसंदाचे 8 ते 10 वेल. कढीपत्ता-लिंबावर कॉमन मॉरमॉन आणि लाइम, रुईवर प्लेन टायगर, कोरांटीवर पॅन्सी, पानफुटीवर रेड पिएरो, बहाव्यावर कॉमन एमिग्रंट, सीताफळावर टेल्ड जे, सापसंदावर कॉमन रोज आणि क्रिमसन रोज. एका जातीची झाडं विखरून न लावता एकत्र लावा, मादीला ती सापडायला सोपी जातात. जागेला पाच-सहा तास थेट ऊन हवं आणि पश्चिमेच्या वाऱ्याला अडवणारी उंच झुडपांची ओळ हवी. घोळ आणि एकदांडी आपोआप उगवतात, ती तण म्हणून उपटू नका. घोळीवर डॅनेड एगफ्लायच्या अळ्या वाढतात, एकदांडी छोट्या निळ्या फुलपाखरांचं वर्षभराचं अन्न आहे.

सापसंदाबद्दल थोडं सविस्तर, कारण उद्यानं बहुतेक इथेच फसतात. नर्सरीत त्याच कुळातला मोठ्या, जांभळट, बदकासारख्या फुलांचा शोभेचा वेल मिळतो. तो घेऊ नका. ऑस्ट्रेलियात रिचमंड बर्डविंग या फुलपाखराच्या माद्या याच परदेशी वेलीवर अंडी घालतात आणि पानं खाल्लेल्या अळ्या विषाने मरतात. तिथे हा वेल उपटण्याच्या मोहिमा घ्याव्या लागल्या. साधा रानातला सापसंदच लावा, आणि तो जंगलातून उपटून न आणता बियांपासून किंवा औषधी रोपवाटिकेतून मिळवा. औषधासाठी मुळासकट खोदला गेल्याने अनेक ठिकाणी तो आधीच विरळ झाला आहे. पहिलं वर्ष वेलांवर जाळी ठेवा. एक-दोन माद्यांच्या अळ्या कोवळा वेल आठवड्याभरात देठापर्यंत खातात आणि मग वेलही मरतो, अळ्याही उपाशी मरतात. सापसंद पोटात गेला तर मूत्रपिंडाला घातक आहे आणि रुईचा चीक डोळ्यांत गेला तर इजा होते. हे दोन्ही मुलांना पहिल्याच दिवशी सांगा.

नर्सरीतून आलेल्या रोपांवर बऱ्याचदा इमिडाक्लोप्रिडसारखं झाडात भिनणारं औषध दिलेलं असतं. रोप ताजंतवानं दिसतं, त्यावरच्या अळ्या मात्र दोन दिवसांत काळ्या पडून गळतात. कढीपत्ता आणि लिंबू यांच्याबाबत हे जास्त घडतं. घेताना विचारा, शक्यतो बियांपासून रोपं तयार करा, आणि विकत घेतलेली रोपं पहिले काही महिने जाळीखाली ठेवा.

एका कोपऱ्यात दोन फूट रुंदीचा उथळ खड्डा माती-वाळूने भरून सतत ओला ठेवा, त्यात मूठभर शेण मिसळा. नर तिथे सोडियमसाठी जमतात. पाणी साचू देऊ नका, नाहीतर डास होतील.

पानं कुरतडलेली दिसतील. उद्यान चालू असल्याची तीच खूण आहे. शाळेच्या माळ्याला आणि पाहणीला येणाऱ्या अधिकाऱ्यांनाही हे समजावं म्हणून झाडांशेजारी अळ्यांची चित्रं लावा. आणि एक अपेक्षा आधीच नीट ठेवा : इथे येतील ती गावात-शहरात टिकून राहणारी फुलपाखरं. सदाहरित जंगलात तरंगणारी मलबार ट्री निंफ अशा उद्यानात येत नाही. तिला जंगलच लागतं.

प्रश्न : आमच्या सड्यावर (कातळाच्या पठारावर) गवत राखतो. काही जण म्हणतात चराई पूर्ण बंद करा, फुलपाखरं वाढतील. काही जण उन्हाळ्यात वणवा लावतात, म्हणे गवत चांगलं येतं. खरं काय? (कोल्हापूर जिल्हा)

दोन्ही टोकं फुलपाखरांना मारक आहेत.

चराई बंद केल्याची सगळ्यात प्रसिद्ध किंमत ब्रिटनने मोजली. लार्ज ब्ल्यू नावाचं फुलपाखरू वाचवायला तिथे जागा राखीव केल्या, संग्राहक येऊ नयेत म्हणून कुंपणं घातली. फुलपाखरू घटतच गेलं आणि 1979 मध्ये ब्रिटनमधून नामशेष झालं. कारण कीटकशास्त्रज्ञ जेरेमी थॉमस यांनी शोधलं, पण उशीर झाला होता. या फुलपाखराची अळी सुरुवातीला रानटी ओव्यासारख्या एका झुडपावर वाढते आणि नंतर एका विशिष्ट जातीच्या मुंगीच्या वारुळात राहून तिची पिल्लं खाते. त्या मुंगीला उन्हाने तापलेली, अगदी आखूड गवताची जमीन लागते. कुंपणाने गुरं थांबली, रोगाने ससे मेले, गवत वाढलं, जमीन दोन-तीन अंशांनी थंड झाली आणि मुंग्या गेल्या. पुढे स्वीडनहून अळ्या आणून, चराई पुन्हा सुरू करून 1983 पासून ते फुलपाखरू परत वसवलं गेलं.

आपल्या सड्यावर ती जात नाही, पण तत्त्व लागू आहे. रिंग, बुशब्राउन, इव्हनिंग ब्राउन आणि अनेक स्किपर यांच्या अळ्या गवतावर वाढतात. त्यांना उंच गवत लागतं. कोरांटी, खरपुडी, खुळखुळा, घोळ अशा ठेंगण्या वनस्पतींवर वाढणाऱ्यांना गवत फार दाट झालेलं चालत नाही. एकाच सड्यावर दोन्ही असायला हवं. त्यामुळे पावसाळ्यात, फुलोरा आणि बी धरेपर्यंत, गुरं बाहेर. दिवाळीनंतर मोजकी चराई. कापणी करताना दर वर्षी एक-तृतीयांश भाग अजिबात न कापता सोडा आणि हा भाग दर वर्षी बदला. न कापलेल्या काड्यांवर कोष आणि अंडी पुढच्या पावसापर्यंत टिकतात.

वणवा कुठल्याच हिशोबात बसत नाही. उन्हाळ्यात उडणारी फुलपाखरं थोडी, पण कोष, अंडी आणि सुप्त अळ्या गवताच्या बुडाशी, पाचोळ्यात असतात. सगळा सडा एका दिवसात जळला की परत वस्ती करायला दुसऱ्या सड्यावरून कुणी यावं लागतं, आणि तो सडाही त्याच आठवड्यात जळलेला असतो. फिनलंडच्या ओलांड बेटांवर इल्का हान्स्की या शास्त्रज्ञाने कुरणांच्या सुमारे 4000 तुकड्यांवर एका फुलपाखराचा अभ्यास केला. दर वर्षी काही तुकड्यांतून ते नाहीसं होतं, शेजारच्या तुकड्यांतून परत येतं. जवळ वस्ती असलेला तुकडाच नसेल तर मात्र ते परतत नाही. म्हणून जानेवारीतच सड्याभोवती तीन-चार मीटरची जाळरेषा (आग अडवणारा गवत काढलेला पट्टा) काढा, आणि शेजारच्या गावाशी बोला. आग गावाची शीव ओळखत नाही.

प्रश्न : फुलपाखरं पाळून जंगलात सोडली तर संख्या वाढेल ना? लग्नांत सोडायला फुलपाखरं देणारेही आहेत. (पुणे)

नाही. अधिवास नसेल तर सोडलेली मरतात, असेल तर सोडायची गरज नसते. दाटीवाटीत वाढवलेल्या अळ्यांतून रोग आणि परजीवी जंगलात जातात. शिवाय वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीतल्या जाती परवानगीशिवाय पकडणं, बाळगणं हा गुन्हा आहे. लग्नात तर सोडूच नका.

प्रश्न : गावच्या सामायिक जंगलाला आणि देवराईला कायद्याचं संरक्षण मिळवायचं आहे. अभयारण्य झालं तर हक्क जातील अशी भीती आहे. दुसरे मार्ग? (रत्नागिरी जिल्हा)

आहेत. वन्यजीव संरक्षण कायद्यात कलम 36-ए खाली संवर्धन राखीव क्षेत्र होतं, पण ते शासनाच्या मालकीच्या जमिनीवर, मुख्यतः दोन संरक्षित क्षेत्रांना जोडणाऱ्या पट्ट्यांत. तुमच्यासाठी कलम 36-सी जवळचं आहे : समाजाने किंवा खाजगी मालकाने स्वतःहून पुढे येऊन केलेलं सामुदायिक राखीव क्षेत्र. त्याच्या व्यवस्थापन समितीत गावचे प्रतिनिधी असतात, मात्र एकदा जाहीर झाल्यावर जमिनीचा वापर समितीच्या ठरावाशिवाय आणि राज्य शासनाच्या मंजुरीशिवाय बदलता येत नाही. हे सगळ्या खातेदारांना आधी स्पष्ट सांगा.

तिसरा मार्ग जैवविविधता कायदा, 2002 च्या कलम 37 खाली वारसा स्थळाचा. तुकडा छोटा असला तरी चालतो. दोडामार्गातल्या हेवाळे-बांबर्डे इथली रानजायफळाची दलदल जेमतेम अडीच हेक्टरची आहे आणि तिला हा दर्जा मिळाला आहे.

कागदांत सगळ्यात आधी सातबारा बघा. देवराई देवाच्या नावे, शासनाच्या नावे की सामायिक खातेदारांच्या, यावर पुढचं सगळं ठरतं. सामायिक खात्यातल्या मुंबईतल्या एका चुलत्याची सही नसल्याने प्रस्ताव वर्षानुवर्षं पडून राहतात, म्हणून सह्यांचं काम गणपतीत सगळे गावी आले की करा. मग ग्रामसभेचा ठराव, गट नंबरांसह नकाशा, गावच्या जैवविविधता नोंदवहीत फुलपाखरं आणि अळ्यांच्या झाडांची हंगामवार यादी, आणि नागपूरच्या महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळाकडे प्रस्ताव. नकाशा काढताना मालकीच्या रेषेपाशी थांबू नका. देवराईतून बाहेर पडणारा वहाळ आणि त्याच्या काठची झाडं आत घ्या. तेच बहुतेक सुटतं.

प्रश्न : आम्ही काही केल्याचा फरक पडतो का, हे मोजायचं कसं? (नाशिक)

ब्रिटनमध्ये 1976 पासून चालू असलेली पद्धत आपल्याकडेही चालते. 500 मीटरची एक ठरलेली वाट निवडा, शक्यतो अर्धी राखीव भागात आणि अर्धी बाहेर, आणि तिचे 50-50 मीटरचे भाग पाडा. संथ, एकसारख्या चालीने जा. डावी-उजवीकडे अडीच मीटर, पुढे पाच मीटर आणि वर पाच मीटर एवढ्याच चौकटीतली फुलपाखरं मोजा. मागे गेलेलं पुन्हा मोजू नका. वेळ सकाळी साडेनऊ ते साडेअकरा. ऊन हवं, जोराचा वारा किंवा पाऊस नको. दर पंधरा दिवसांनी, वर्षभर.

जुलैची मोजणी ऑक्टोबरशी ताडून पाहू नका. पावसानंतर संख्या वाढतेच, म्हणून तुलना गेल्या ऑक्टोबरशी करा. ब्ल्यू टायगर, क्रो अशी स्थलांतर करणारी फुलपाखरं पावसाच्या तोंडावर शेकड्यांनी जातात. त्यांची बेरीज वेगळ्या रकान्यात ठेवा, नाहीतर एका दिवसाचा थवा सगळा हिशोब बिघडवतो. ओळख पटली नाही तर अंदाजाने नाव न लिहिता पंखांचा खालून-वरून फोटो घ्या. प्रत्येक फेरीत वाटेवरच्या ठरावीक वीस झाडांवर अळ्या आणि अंडी शोधा. उडणारं फुलपाखरू दुसरीकडून आलेलं असू शकतं. अळी तिथलीच असते, त्यामुळे तुमच्या कामाचा परिणाम तिच्या नोंदीत आधी दिसेल.